मागचं दार

टिळकवाडी, बेळगाव
१२ जून २०२३

तीर्थरूप केशवमामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात जपून ठेवलंय असं आईकडून कळलं, म्हणून हा पत्राचा उद्योग. अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

मला एक वेगळंच काम मिळालंय. संकेश्वरच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, एका ट्रस्टचं नवं प्राणिसंग्रहालय होतंय. तिथलं चिंपांझीचं घर मी करतेय. आई म्हणाली, एवढी शिकलीस ती माकडांची घरं बांधायला? मी म्हटलं, माकडाला शेपूट असतं, हिला नाही. तर म्हणाली, मग आपल्यातलीच की.

येणार आहे ती एक म्हातारी मादी. तिचं आधीचं प्राणिसंग्रहालय बंद पडलं. कागदावर नाव रोझी, पण तिला बघून आलेली आमच्या कामावरची पोरं तिला आक्का म्हणायला लागली आणि आता सगळेच म्हणतात. खरं तर चिंपांझीला एकटं ठेवू नये. सोबतिणी आणायच्या आहेत, पण त्यांचे कागद अडकलेत. आजवर ती चारही बाजूंनी उघड्या पिंजऱ्यात राहिली. सगळा जन्म लोकांच्या नजरेखाली गेला. म्हणून मी बसायच्या फळ्या माणसांच्या डोक्यापेक्षा उंच घेतल्यात, वरून खाली बघितलं की त्यांना धीर येतो. ओंडके आहेत, दोर आहेत, सावलीला झाडं आहेत. आणि मागे एक खोली आहे, जिथे ती कुणालाही दिसणार नाही. त्या खोलीचं दार कायम उघडं राहणार. बाहेर यायचं की नाही ते तिने ठरवायचं. माझा सगळा आराखडा त्या एका दारावर उभा आहे.

आता तुमचं काम. पुढे एक पाटी लावायची आहे, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत. मराठी मजकूर तुम्ही लिहा, बाकीचे त्यावरून करून घेते. चार-पाच ओळी, पण वाचून माणूस गप्प झाला पाहिजे. निपाणीच्या दोन पिढ्यांना तुम्ही जीवशास्त्र शिकवलंत आणि गप्पही बसवलंत, तेव्हा हे तुम्हालाच जमेल.

मामीला सांगा, यंदा शेंगापोळीवर माझा हक्क आहे.

तुमची
भैरवी

*

निपाणी
३० जून २०२३

चि. भैरवी,

आशीर्वाद. अक्षर वाईटच आहे, पण पत्र आलं याचा आनंद मोठा.

पाटीचा मजकूर सोबत आहे: ‘चिंपांझी हा सस्तन वर्गातील, मानवाशी निकटचे साम्य असणारा, समूहप्रिय व बुद्धिमान प्राणी असून त्याचे मूलस्थान आफ्रिका खंड होय.’ पुढे आहार आणि आयुर्मान घातलं आहे. हे वाचून माणूस गप्प होईल. झोपेल म्हणून.

तुझं ते दार मला नीटसं पटलेलं नाही. तिकीट काढून आलेल्याला प्राणी दिसलाच नाही तर तो शिकणार काय?

शेंगापोळीचं मात्र यंदा विसर. भैरवी, तुझ्या आईला अजून बोललेलो नाही, तुला सांगतो. तुझ्या मामीला, विद्युल्लताला, आता आठवत नाही. वर्षभर हळूहळू चाललं होतं, आम्ही दोघं हसून नेत होतो. आता ती मराठीही विसरत चालली आहे. संकेश्वरच्या कन्नड घरातली पोर, लग्नानंतर जन्मभर मराठी बोलली, मराठी शाळेत शिकवलं, हजेरीपुस्तक न उघडता हजेरी घेतली. आता बोलते ती कन्नड, तीही लहानपणची.

बातमी पसरली तसे लोक बघायला येतात. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर माणुसकी नाही म्हणतात. गेल्या रविवारी सांबऱ्याहून भावकू आला होता, तिच्या शाळेतला जुना शिपाई, बायकोला घेऊन. केळ्यांचा घड आणला होता. तिच्यासमोर खुर्ची ओढून म्हणाला, “बाई, वळीकलासा काय मला? सांगा बघू, मी कोण?” ती बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं. मंगलने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिचा हात धरून विचारलं, “आन मी? मी कोण?” ती माझ्याकडे बघायला लागली, पोरं उत्तर येत नसलं की बाकावरच्या शेजाऱ्याकडे बघतात तशी. भावकू नंतर मोरीपाशी जाऊन रडला. वाईट माणूस नाही तो. पण येणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि मी चहा टाकतो.

तुझा मामा,
केशव

*

टिळकवाडी
१९ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मामीला माझं नाव घरात सगळ्यांच्या आधी सुचलं होतं, हे आई नेहमी सांगते. गणपतीत येईन म्हणते, पण काम अंगावर आहे, खात्री देत नाही.

आक्का आली. पहिले बरेच दिवस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. आमचा युवराज तिची देखभाल करतो. तो दाराशी फळं ठेवून निघून यायचा आणि थांबायचा नाही. मग एक दिवस तिने दारातून फक्त हात बाहेर काढला आणि ऊन चाचपलं. दुसऱ्या दिवशी डोकं. आता सकाळी बाहेर येते, वरच्या फळीवर बसते, रस्त्यावरचे ट्रॅक्टर जाताना बघते. मनात आलं की आत जाते. आत जाता येतं म्हणूनच ती बाहेर येते, मामा. तुमच्या शंकेचं हेच उत्तर आहे. दार लावलं तर लोकांना प्राणी दिसेल, पण तो चिंपांझी नसेल.

तुमची पाटी नापास. तिच्यात सगळं आहे, आक्का तेवढी नाही. पुन्हा लिहा.

आणि मामीला इतक्या लोकांपुढे बसवू नका. तुम्ही संकोचाने बोलत नसाल, पण तिला त्रास होत असेल.

भैरवी

*

निपाणी
२७ ऑक्टोबर २०२३

चि. भैरवी,

पत्राला उशीर झाला. तुझी मामी बरी आहे. जेवते, झोपते. पाटीचा दुसरा मजकूर पाठवत आहे, पहिल्याइतकाच वाईट आहे.

इकडे विशेष काही नाही. गल्लीत चोऱ्या वाढल्या आहेत असं म्हणतात, म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना नवी कुलपं आणली.

तू कामात आहेस, उगाच धावपळ करून येऊ नकोस. इथे सगळं ठीक आहे.

केशवमामा

*

टिळकवाडी
२८ डिसेंबर २०२३

तीर्थरूप मामा,

हे पत्र मी रागात लिहितेय, अक्षर त्यामुळे आणखी बिघडेल.

उद्घाटन झालं. पहिल्या रविवारी एवढी गर्दी लोटली, की आक्का जी आत गेली ती दिवसभर बाहेर आलीच नाही. लोकांनी काच बडवली, शिट्ट्या मारल्या, ‘दिसंना झालंय, पैसं परत द्या’ म्हणून आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष मारुतीराव यांनी मला बोलावलं. ऊसवाले मोठे शेतकरी, बोलायला मोकळे. म्हणाले, “बाई, लोक तिकीट काढून येत्यात. दार बघाय न्हाय येत. सकाळी कुलूप घालायचं, सांजच्याला काढायचं.” मी भांडले. तर म्हणाले, “तिच्याच भल्यासाठी सांगतोय की. ऊन लागंल, हवा लागंल.”

दाराला कुलूप लागलं. आता आक्का दिवसभर त्या बंद दाराला पाठ लावून बसते आणि डाव्या हाताचे केस उपटते. कातडी दिसायला लागली आहे. आमच्या डॉक्टर प्रियदर्शनी मलम लावतात, ती ते पुसून टाकते.

मला चीड कुलपाची नाही एवढी त्या शब्दांची आली, ‘तिच्याच भल्यासाठी’. आपली सोय बघायची, दुसऱ्याच्या तोंडावर दार लावायचं आणि वर त्याला माया म्हणायचं. असल्या माणसाला जीव लावता येत नाही, मामा. त्याला फक्त राखण करता येते.

तुम्ही माझ्या बाजूने आहात हे माहीत आहे, म्हणून मन मोकळं केलं. मामी कशी आहे?

भैरवी

*

टिळकवाडी
१५ फेब्रुवारी २०२४

मामा,

दीड महिना झाला, उत्तर नाही. आईलाही काही कळवलेलं नाही तुम्ही. माझं काही चुकलं का? दोन ओळी तरी टाका.

भैरवी

*

निपाणी
२० फेब्रुवारी २०२४

चि. भैरवी,

तुझं काही चुकलेलं नाही. मी लिहायला बसत होतो आणि उठत होतो. डिसेंबरचं ते पत्र तू मारुतीरावांवर रागावून लिहिलंस, पण पोहोचलं ते बरोबर माणसाकडे.

गल्लीत चोऱ्या वाढलेल्या नाहीत. दसऱ्याच्या आधी एका दुपारी माझा डोळा लागला आणि विद्युल्लता घराबाहेर पडली. मला ऐकू येत नाही, दार वाजलेलं कळलं नाही. ती अनवाणी हायवेला लागली आणि संकेश्वरच्या दिशेने चालत राहिली. तिच्या वडिलांचं घर तिकडे होतं. ते घर कधीचं पाडलं. एका ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. फुलं विकणाऱ्या अंबुबाईने ओळखून तिला घरी आणलं. आल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारलं, “यार्री नीवु?” तुम्ही कोण?

त्याच संध्याकाळी कुलपं आणली. तेव्हापासून ती आत आहे. आधी सकाळी उठायची, मागच्या दाराशी जायची, कडी हलवायची. मागच्या परड्यात तिची जास्वंद आहे, कढीपत्ता आहे, तिकडे जायचं असतं तिला. पण परड्याचं फाटक बोळात उघडतं आणि बोळ हायवेला. मी तिला हाताला धरून परत आणायचो, ती पुन्हा जायची. आता कडी हलवत नाही. दाराशी बसून साडीच्या पदराचे दोरे काढते. दोन साड्या संपल्या.

आणि खरं सांगायचं ते पुढेच आहे. लोक बघायला येतातच. पाहुणा आला की मी कुलूप काढतो. ‘या, बसा’ म्हणतो, तिला पुढच्या खोलीत आणून बसवतो. ते विचारतात, वळीकलासा काय? चहा होतो, ते जातात, आणि मी पुन्हा कुलूप लावतो. तिच्यासाठी बंद असलेलं दार मी फक्त तिला बघायला येणाऱ्यांसाठी उघडतो, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आलेल्याला परत कसं पाठवायचं, एवढंच डोक्यात.

कुलूप काढवत नाही. ती हायवेवर मरेल. ठेववतही नाही. तू एका आक्काचं घर बांधलंस. माझ्या घराचं काय करू ते सांग.

केशव

*

टिळकवाडी
११ मार्च २०२४

तीर्थरूप मामा,

परवा तुमच्याकडून निघताना बोलायचं होतं, जमलं नाही. तुमच्यासमोर ओरडून बोलावं लागतं आणि हे ओरडून बोलण्यासारखं नव्हतं.

डिसेंबरचं ते पत्र मी परत घेत नाही, कारण ते तुम्हाला लिहिलेलं नव्हतं. पण ते तुम्ही एकट्याने एवढे दिवस सहन केलंत, याचं मला फार वाईट वाटतं. मी गणपतीत यायला हवं होतं. आणि खरं सांगू? मामी माझ्या हातातली मापाची टेप उघडून-मिटून बघत बसली होती, तेव्हा ‘ओळखलंस का मला’ हे माझ्याही अगदी ओठावर आलं होतं. मोठ्या कष्टाने गिळलं.

नकाशा सोबत आहे. नवीन काही नाही, सगळं आक्काच्याच घरातलं आहे. परड्याची भिंत कमरेएवढी आहे, ती डोक्याच्या वर न्यायची, पण भिंत दिसू द्यायची नाही, कडेने मेंदी लावायची. बोळातलं फाटक आतून भिंतीच्याच रंगाचं करायचं आणि त्यावर वेल चढवायचा. दिसलं नाही की ते हलवावंसं वाटत नाही. दारातून निघून जास्वंदीला, कढीपत्त्याला वळसा घालून पुन्हा दाराशीच येईल अशी पायवाट करायची. तिला चालायचं असतं, मामा. चालत ती घरीच पोहोचेल. कोपऱ्यात एक बाक, जिथून पुढच्या खोलीत कोण आलंय ते तिला दिसेल, पण ती त्यांना दिसणार नाही.

एवढं झालं की मागच्या दाराचं कुलूप काढून टाका. गवंडी मी पाठवते.

आक्काचं अजून तसंच आहे. डॉक्टर प्रियदर्शनींनी लेखी दिलं म्हणून दुपारी तेवढं दार उघडतात.

भैरवी

*

निपाणी
२ ऑगस्ट २०२४

चि. भैरवी,

मेंदी आता माझ्या कमरेला लागते. तुझी मामी सकाळ-संध्याकाळ पायवाटेने फिरते. पहिल्या दिवशी दार उघडं बघून तिथेच थबकली. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवून वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवलं. तुझा तो युवराज थांबत नसे ना, तसं. ती गेली. फिरून परत आली, पुन्हा गेली. मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं हे नंतर समजलं.

साडी आता शाबूत राहते.

पाहुण्यांचा प्रश्न उरला होता. तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही, हे तुला कळलंच आहे. म्हणून पुढच्या दारावर एक फळी लावली. तिच्यावर लिहिलं आहे:

‘आत एक बाई राहतात. त्यांना तुम्ही दिसता. त्यांच्या मनात आलं तर त्या बाहेर येतील. आल्या तर शेजारी बसा, ओळख विचारू नका. नाही आल्या तर रागावू नका. त्या आत आहेत.’

लोक रागावले. तुझ्या आईचाही फोन आला म्हणे, मला ऐकू आला नाही. भावकू फळी वाचून केळी उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. महिन्याभराने पुन्हा घड घेऊन आला. पुढच्या खोलीत बसला, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने विद्युल्लता आपण होऊन आली, त्याच्या शेजारी बसली, घडातलं एक केळं सोलून तिने त्याच्या हातात दिलं. शाळेत डबा विसरलेल्या पोरांना द्यायची, तसं. भावकू ते खाऊ शकेना. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “सर, मी कोण ते न्हाय कळलं त्यास्नी. पर मी उपाशी हाय एवढं कळलं.”

काल मी बाकावर बसलो होतो. ती चालत आली आणि तिने विचारलं, “यार्री नीवु?” मी कन्नडमधून म्हटलं, शेजारचा आहे. ती म्हणाली, “कुंद्री.” बसा. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने मला असं बसवून घेतल्याचं आठवत नाही. आमचं नेहमी काहीतरी काम निघायचं.

केशवमामा

*

टिळकवाडी
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप मामा,

तुमची पाटी पास झाली. दारावरची.

तुम्हाला न विचारता मी ती मारुतीरावांना वाचून दाखवली. ‘बाई’च्या जागी ‘आक्का’ एवढाच बदल केला. त्यांनी कागद मागून घेतला, स्वतः वाचला. मग म्हणाले, “लावा. दारबी उघडं ठेवा म्हैनाभर. बघू लोक काय म्हणत्यात.” तुमच्या दोन पानी आहार-आयुर्मानाला जे जमलं नाही ते या ओळींनी केलं. लोक पाटी वाचतात आणि बाकावर बसतात. पोरं एकमेकांना कुजबुजून सांगतात, गप रं, तिला आपण दिसतोय. सगळेच नाही, काच बडवणारे आहेतच. पण परवा संकेश्वरच्या एका शाळेचा अख्खा वर्ग तिची वाट बघत बसला होता, आणि ती आली. हातावर केस पुन्हा येताहेत, पांढरे.

तुम्ही दोघं या. गाडी मी पाठवते. मामीला गर्दी नको, सकाळी उघडायच्या आधी आपण तिघंच जाऊ. तिचं संकेश्वर वाटेत तिला दिसेल.

कधी येता ते कळवा.

भैरवी

*

निपाणी
१९ जानेवारी २०२५

चि. भैरवी,

तुझ्या मामीच्या दिवसकार्याला तू होतीस, सगळं बघितलंस, पण बोलणं झालं नाही. तुझं ऑक्टोबरचं पत्र उशाशी राहून गेलं. तिला तापाने गाठलं ते नेमकं त्याच आठवड्यात. शेवटचे दिवस ती अंथरुणावरून मागच्या दाराकडे बघायची. दार उघडं होतं. एवढं एक तुझ्यामुळे मला करता आलं.

समाचाराला माणसं आली. मी विचार करत होतो, आता काय विचारतील. कुणीच काही विचारलं नाही.

काल मी एकटाच बसने जाऊन तुझं ते घर बघून आलो. तुला कळवलं नाही, तू सुट्टी टाकली असतीस. तिकीट काढलं आणि आक्काच्या समोरच्या बाकावर बसलो. पाटी वाचली. आपलंच अक्षर दुसऱ्याच्या वहीत बघावं तसं वाटलं. उंच फळी रिकामी होती. मागचं दार उघडं होतं, आत काळोख. एक कुटुंब आलं, थोडा वेळ थांबलं. त्यांच्यातल्या माणसाने मला विचारलं, “आत हाय का न्हाय वो कोण?” कानाचं यंत्र मी लावलं होतं, तुझ्या आईने शपथ घातली आहे. मी म्हटलं, “आहे. तिला आपण दिसतो.” ते लोक गेले, दुसरे आले. आक्का काही आली नाही. मी बंद होईपर्यंत बसून होतो. मला वाईट वाटलं नाही भैरवी, वाट बघायला बरं वाटलं. घरी आता कुणाची वाट बघायची नसते.

परत येऊन पुढच्या दाराचं कुलूप काढलं. फळी अजून दारावरच आहे. तेराव्याला तुझी आई म्हणाली होती, ती आता काढून टाक. काल स्टूल घेऊन चढलो होतो. हात लावला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली गेली: ‘त्या आत आहेत.’

ती खोटी झाली आहे, मला कळतं. मी स्टुलावरून उतरलो, आत गेलो आणि मागचं दार उघडून ठेवलं.

तुझा
केशवमामा